सदतीस नकार

मलैता बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फाउकोना नावाचं गाव आहे, आणि तिथल्या एनिडच्या तोंडाला लागू नये हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. बाई बुटकी, पावलं रुंद, दात सुपारीनं लाल. दर बुधवारी पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट घालून ती मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या मंडळाच्या, सभेला बसते. सभेत कुणी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललं की सरळ उठते आणि भांडी घासायला लागते. वय विचारलं तर म्हणते, "देवळाची घंटा टांगली तेव्हा मी रांगत होते." घंटा कधी टांगली ते गावात कुणालाच आठवत नाही, त्यामुळे विषय तिथंच संपतो.

गावात दवाखाना आहे, म्हणजे एक खोली आणि एक कपाट. तरुणपणी सहा महिने शिकून एनिड तिथं मदतनीस म्हणून लागली. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी डोंगरातल्या दोन बायका धापा टाकत खाली आल्या. त्यांच्या बहिणीचं बाळ बाहेर आलं होतं, वार अडकली होती. नर्स रजेवर. एनिडनं पिशवी उचलली आणि ती त्यांच्याबरोबर चालू लागली. तेव्हापासून ती जातेच आहे.

आता डोंगरातल्या माणसांचं असं आहे, की ती अजून पूर्वजांना मानतात, त्यांना डुकरं वाहतात आणि किनाऱ्यावरच्या प्रार्थनावाल्यांकडे जरा कीव केल्यासारखं बघतात. त्यांच्या वस्तीत सगळ्यात वर पूर्वजांची जागा आणि पुरुषांचं घर, मध्ये राहती घरं, आणि पार खाली झाडीत बाळंतिणीची झोपडी. त्या झोपडीकडे पुरुष फिरकत नाही, आणि त्या झोपडीतून आलेली बाई वरच्या अंगणात पाऊल टाकत नाही. टाकलं तर पूर्वज कोपतात आणि कोणीतरी आजारी पडतं. पाद्री सगळे पुरुष. त्यांनी शंभर वर्षं वरच्या वाटेनं जाऊन पाहिलं आणि प्रत्येकाला तारोचे कंद खाऊ घालून, गोड बोलून, परत पाठवलं गेलं. एनिड झोपडीकडच्या खालच्या वाटेनं गेली. तिला कुणी धर्म शिकवायला बोलावलं नव्हतं, त्यामुळे परत पाठवायचा प्रश्नच आला नाही.

पण ती गप्पही बसली नाही. एनिड ही पक्की चर्चवाली बाई. बाळ रडलं, रक्त थांबलं, आईच्या हातात भाजलेला तारो आला, की ती दरवेळी विचारायची, "याला देवळात आणायचं का? बाप्तिस्मा देऊ, नाव ठेवू."

एकीनं विचारलं, "मग आमच्या आजोबांना जेवायला कोण घालणार, तू?" एक नुसतीच हसली. एक म्हणाली, "पुढच्या खेपेला बघू." एनिडनं तेही नकारातच धरलं. 'बघू' म्हणजे काय ते सोयरीक जुळवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. अशी सदतीस बाळंतपणं झाली आणि सदतीस वेळा 'नाही' आलं. एनिड दरवेळी "बरं" म्हणायची, हात धुवायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. तिच्या मते विचारणं हे तिचं काम होतं आणि उत्तर देणं हे त्यांचं.

तर अशा बाईला एक दिवस जगाचं बोलावणं आलं.

बातमी आणली फादर आल्बननं. आल्बन तिच्या भावाचा मुलगा, बिशपच्या कार्यालयात सुवार्तेच्या, म्हणजे धर्मप्रसाराच्या, कामाचा सचिव, वय एकतीस, चष्मा नवा. बोटीतून उतरला तोच म्हणाला, "आत्या, ब्रिस्बेनला चल."

"कुणाला काय झालंय तिथं?"

"कुणाला काही झालं नाही. जगभरच्या सगळ्या चर्चांची सुवार्ता परिषद आहे. चार हजार माणसं. आपल्याला तीन मिनिटं दिलीत. तू डोंगरातल्या कामाबद्दल बोलायचं, मी इंग्रजीत सांगायचं."

"तीन मिनिटांसाठी विमानानं? तुम्हा लोकांना काही कामधंदा?"

आल्बन खाली वाळूत बसला. "आत्या, ऐक ना. या परिषदांमध्ये आपल्या अँग्लिकन पंथाच्या लोकांना फारसं कोणी धरत नाही. म्हणतात, हे जन्मजात ख्रिस्ती, झगे घालतात, पुस्तकातून प्रार्थना वाचतात, सुवार्ता कसली सांगणार. बाकीचे येतात आणि सांगतात, आम्ही इतके हजार माणसं आणली, तितकी आणली. आपण कोपऱ्यात बसून चहा पितो. एकदा तरी आपलं माणूस तिथं उभं राहू दे."

एनिडला भाच्याच्या बोलण्यातली कळ समजली. पण तिनं हो म्हटलं नाही. म्हणाली, "गोष्ट माझी एकटीची नाही. विचारून येते."

विचारायचं होतं लाउमाएला. लाउमाए म्हणजे डोंगरातल्या त्या वस्तीचा म्हातारा प्रमुख, पूर्वजांची पूजा करणारा. त्याच्याशी बोलायची एक रीत एकोणीस वर्षांत पडून गेली होती. एनिड खाली फणसाच्या झाडाशी उभी राहायची, तो वीस पावलं वर अंगणाच्या कडेला बसायचा, तोंड दुसरीकडे करून, आणि दोघं जरा मोठ्यानं बोलायचे. पाहणाऱ्याला वाटावं दोन माणसं आपापल्या झाडाशी बोलतायत.

एनिडनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं सुपारी दुसऱ्या गालात सरकवली.

"तिकडे आमच्याबद्दल बोलणार?"

"माझ्या कामाबद्दल. त्यात तुम्ही येताच."

"बोल. पण आमच्यातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. कुणाचा चेहरा दाखवायचा नाही. आणि आम्हाला तुमच्या माणसांत धरायचं नाही. आम्ही तुमचे झालो असं बाहेर कुणी म्हटलं आणि ते आमच्या जुन्या लोकांच्या, पूर्वजांच्या, कानावर गेलं, तर ते म्हणतील, यांनी आम्हाला टाकलं. मग ते कुणाला धरतील ते मला सांगता येत नाही." मग तो म्हणाला, "माझी ओइका गरोदर आहे."

ओइका त्याची नात. पहिलटकरीण.

"शब्द देते," एनिड म्हणाली.

"शब्द मोडलास तर खालची वाटही बंद. मग किती बायका अडल्या तरी."

"कळलं."

ब्रिस्बेनला एनिडला दोन गोष्टी आवडल्या, गरम पाण्याचा नळ आणि केझिया. नळाचं तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. केझिया युगांडाची, साठीची, आडव्या बांध्याची, तिकडच्या मदर्स युनियनची. परिषदेत सहा-सहा माणसांना एकेक टेबल दिलं होतं आणि दोघी एकाच टेबलावर आल्या. दोघींच्या छातीवर तोच बिल्ला. झालं. एकीला दुसरीचं इंग्रजी निम्मं कळत होतं, पण टेबलावर जास्त बोलणाऱ्या पुरुषांकडे दोघी ज्या नजरेनं बघत होत्या ती एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिषदेची छापील पुस्तिका वाटली गेली. एनिडला इंग्रजी वाचता येतं, बोलायचा मात्र तिला कंटाळा. तिनं आपलं पान शोधलं. मलैता, डोंगरातले लोक, अँग्लिकन चर्च ऑफ मेलनेशिया. खाली जाड अक्षरात छापलं होतं: चर्चमध्ये आलेले, सदतीस.

तिनं पान दोनदा वाचलं. मग केझियापुढे सरकवलं. केझियानं वाचून विचारलं, "छान की. सदतीस?"

"एकही नाही."

केझियानं चष्मा काढला. "मग हे कुणी लिहिलं?"

एनिड आल्बनला शोधायला गेली. तो चहाच्या रांगेत दक्षिण आफ्रिकेच्या एका पाद्र्याशी हसून बोलत होता. तिनं त्याचा दंड धरला आणि भिंतीशी नेलं.

"हे काय?"

आल्बनचा चेहरा उतरला. "आत्या, फॉर्ममध्ये रकाना होता. किती जण आले. तो रिकामा ठेवता येत नव्हता."

"मग शून्य लिहायचं."

"शून्य लिहिलं असतं तर बोलावलं असतं का आपल्याला? तुझ्या हातून सदतीस मुलं जन्माला आली. प्रार्थना केलीस त्यांच्यावर. आज ना उद्या येतीलच ती. मी थोडं आधी लिहिलं, एवढंच."

"मी त्या म्हाताऱ्याला शब्द दिलाय, आल्बन. परत आले तेव्हा सांगितलं होतं तुला. नाव नाही, चेहरा नाही, आणि आपल्यात धरायचं नाही."

"त्याला कुठून कळणार?"

एनिडनं भाच्याकडे असं पाहिलं, की त्यानं कप खाली ठेवला. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. एकोणीस वर्षं एकेका बाळंतपणानं रुळवलेली वाट या पोरानं एका रकान्यात बसवून टाकली होती. आणि तिकडे ओइकाचे दिवस भरत आले होते.

"दुपारी मी बोलणार आहे," ती म्हणाली. "मी जे म्हणेन तेच तू इंग्रजीत म्हणायचं. माझं इंग्रजी वाईट आहे, पण आकडे मला कळतात."

दुपारी निराळाच घोळ झाला. व्यासपीठ चांगलं पुरुषभर उंच, आणि त्याच्या पायाशी पहिल्या दोन रांगांत सगळे बिशप आणि पाद्री. एनिड पायरीशी जाऊन थांबली. एक तरुण मुलगी कानात यंत्र लावून धावत आली. "वर चला ना, आजी."

"नाही जमणार. मी बाळंतिणींच्या झोपडीत जाणारी बाई. खाली एवढे पुरुष बसलेत. त्यांच्या डोक्यावर मी उभी राहायची नाही."

"पण कॅमेरा वर लावलाय."

"मग तो वर काय आहे ते दाखवेल."

मुलीनं आल्बनकडे पाहिलं. आल्बननं मान हलवली. आत्याला वर चढवणं त्याच्याही बापाला जमलं नसतं. शेवटी असं झालं, की एनिड खाली जमिनीवर हातात माइक घेऊन उभी, आणि वर एवढ्या मोठ्या व्यासपीठावर आल्बन एकटा, आणि त्याच्या डोक्यावर पडद्यावर मलैताचा नकाशा आणि सदतीसचा आकडा, दाराएवढा मोठा. चार हजार माणसांना दिसत होता तो फक्त आल्बन.

एनिडनं आपल्या भाषेत सुरुवात केली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. आल्बननं ते इंग्रजीत सांगितलं. खालच्या वाटेचं सांगितलं, तेही त्यानं नीट सांगितलं. मग ती म्हणाली, "फादरच्या डोक्यावर जो आकडा आहे तो खोटा आहे. डोंगरातल्या माणसांनी मला बाळंतपणाला बोलावलं, म्हणून मी गेले. सदतीस वेळा मी विचारलं, देवळात येता का. सदतीस वेळा त्या नाही म्हणाल्या. आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांचं एकही नाव नाही. ती माणसं त्यांच्या पूर्वजांची आहेत. त्यांना आमच्यात धरू नका. पुढच्या वेळीही मी विचारणार आहे. माझं संपलं."

तिला खालून आल्बनचे बूट तेवढे दिसत होते. एक बूट जरासा हलला. सगळं सभागृह वाट बघत होतं, आणि एनिडनं मनात ठरवलं होतं, की हा चुकीचं बोलला तर आपण आपल्या मोडक्या इंग्रजीत ओरडायचं. मग आल्बनचा आवाज आला, आधी बारीक, मग बरा. त्यानं खोटा म्हटलं. शून्य म्हटलं. सदतीस वेळा नाही म्हटलं. तिनं सांगितलं नव्हतं तेही एक त्यानं पदरचं घातलं, की आकडा मी लिहिला होता.

कुणी टाळी वाजवली नाही. तेवढ्यात मधल्या कुठल्याशा टेबलावरून केझियाचं हसू फुटलं. पोटातलं, मोकळं हसू. ते चार हजारांत ऐकू गेलं.

रात्रीच्या जेवणाला एनिडच्या टेबलापाशी माणसं येऊ लागली. एकेकटी, जरा इकडेतिकडे बघत. एक टास्मानियाचा म्हातारा पाद्री वाकून म्हणाला, "माझे तीन. अठ्ठावीस वर्षांत. त्यातला एक सोडून गेला." एक केनियाचा पाद्री म्हणाला, "आमच्या वाळवंटात मी अकरा वर्षं उंटांचा ताप बघतोय, बाई. अजून कुणी विचारलंसुद्धा नाही मला, की तुझा देव कोण." निम्म्याहून अधिक अँग्लिकनच होते. केझिया प्रत्येकाला खुर्ची ओढून देत होती आणि एनिडच्या कानात सांगत होती, "माझाही अहवाल दुसऱ्यानं लिहिलाय हो. मी उद्या वाचूनच बघते."

परतीच्या बोटीत आल्बन म्हणाला, "आत्या, आकडा तर तू सगळ्यांसमोर खोडून काढलास. आता लाउमाएला सांगायची काय गरज? पुस्तिका डोंगरात कोण वाचणार आहे?"

"चार हजार पुस्तिका छापून गेल्या. त्या मी खोडल्या नाहीत."

"पण पूर्वज काही वाचत नाहीत, आत्या."

"ते तू खात्रीनं सांगतोस. मला त्यांच्याशी कधी बोलायला मिळालं नाही, मी कशी सांगू?" ती समुद्राकडे बघत होती. "आणि पूर्वजांचं राहू दे. शब्द मी म्हाताऱ्याला दिला होता. तो जिवंत आहे."

"वाट बंद केली त्यानं तर?"

"तर बंद. पण खोटं पोटात ठेवून मी त्या पोरीच्या पोटाला हात लावायची नाही." मग ती म्हणाली, "तुझ्या आईच्या गोठ्यात ते पांढऱ्या कानाचं डुक्कर आहे ना? ते घेऊन ये."

तिकडे असंच आहे. चूक झाली की डुक्कर न्यायचं, आणि ज्याची चूक त्यानं ते खांद्यावर वाहायचं. फादर आल्बननं ते बांबूला बांधून, गावातल्या एका चुलतभावाला मागचं टोक देऊन, साडेतीन तास चढणीवर नेलं. वाटेत डुकरानं त्याच्या पांढऱ्या झग्यावर काय काय केलं ते इथं सांगण्यासारखं नाही. झगा घालून का चढलास, असं एनिडनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माफी मागायला जातोय ना, म्हणून."

ते ऐकून तिला पहिल्यांदाच वाटलं, की हा पोरगा कदाचित बरा पाद्री होईल.

वस्तीखाली दोघांच्या वाटा फुटल्या. आल्बन आणि चुलतभाऊ डुक्कर घेऊन वरच्या अंगणात गेले, एनिड खाली फणसाशी उभी राहिली. लाउमाए नेहमीच्या जागी येऊन बसला. तिनं काही आडपडदा ठेवला नाही. आकडा छापला गेला हे सांगितलं, किती पुस्तिका तेही सांगितलं. मी सभेत खोडला, हेही सांगितलं, पण ते शेवटी.

म्हातारा उठून उभा राहिला. त्याला उभं राहून बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"सदतीस. म्हणजे माझी पोरंबाळं, माझी पतवंडं. सगळी देऊन टाकलीस त्यांना."

"हो. कागदावर."

"तू खोडलास याला साक्ष कोण?"

"हा. तुझ्या अंगणात उभा आहे तो. यानंच लिहिला आणि यानंच सगळ्यांसमोर खोटा म्हटला."

"जुन्या लोकांना विचारायला मला चार दिवस लागतील. तोवर वाट बंद. खालचीसुद्धा. तू घरी जा."

तिनं पिशवी उचलली. तेवढ्यात झाडीतून बोरिलाची हाक आली. बोरिला म्हणजे वस्तीतली सगळ्यात जुनी सुईण, एनिडची झोपडीतली जोडीदारीण, आणि लाउमाएची सख्खी बहीण.

"एनिड, आहेस का तिथं? पहाटेपासून पोरगी कळा देतेय. पाऊल दिसायला लागलंय."

पायाळू. पहिलटकरीण आणि पायाळू.

म्हाताऱ्यानं ऐकलं होतं, पण बाळंतपणाच्या गोष्टीत पुरुषानं तोंड घालायचं नसतं, त्यामुळे त्याला काही बोलताही येईना. एनिडनं मान वर केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघून बोलली.

"लाउमाए, तुझं भांडण तुझ्या अंगणात आहे. त्याच्याशी घाल. डुक्कर त्याचं, आकडा त्याचा, तोंडही त्याचं. मी खाली जातेय. जुन्या लोकांना राग आला तर त्यांना माझं नाव सांग, ओइकाचं नको."

"चार दिवस म्हणालो मी."

"तू चार दिवस घेशील," झाडीतून बोरिला म्हणाली, "पोर घेणार नाही. आणि ही वाट कधीपासून तुझी झाली रे? जन्मात एकदा तरी चाललास का हिच्यावर?"

एनिड गेली.

झोपडीत तिला पुढचे तीन तास वरचं काही सुचलं नाही. ओइका घामानं भिजली होती आणि दोराला धरून उकिडवी बसली होती. एनिडनं घाई केली नाही. पायाळू पोराला ओढायचं नसतं, येऊ द्यायचं असतं, हे ती वीस वेळा नर्सला सांगून चुकली होती. एक पाय, मग दुसरा, मग ढुंगण. खांद्यांशी ते अडलं तेव्हा बोरिलाचे ओठ पांढरे झाले. एनिडनं बोट आत घालून एक हात मोकळा केला, मग दुसरा, आणि ओइकाला म्हणाली, "आता. आता सगळं." पोर निळं आलं. तिनं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग ते रडलं. मुलगी होती.

तेव्हा कुठं त्यांना वरचा आवाज ऐकू आला. पुरुष मोठमोठ्यानं ओरडत होते. एनिडचा जीव उडाला. "बोरिला, मारतायत का त्याला?"

बोरिलानं कान दिला. "मारतात कुठले. हसतायत."

हसण्याचा एक लोट यायचा, मग शांत व्हायचं, मग एकट्या माणसाचा आवाज बराच वेळ चालायचा, मग पुन्हा हसू. एनिडनं वार नीट तपासली, ओइकाला पुसलं, तिच्या हातात तारो दिला. मग नेहमीसारखं विचारलं, "हिला देवळात आणायचं का?"

ओइका थकून भिंतीला टेकली होती. तिनं पोरीकडे पाहिलं, मग एनिडकडे. "नाही, मावशी."

"बरं," एनिड म्हणाली आणि ओढ्यावर हात धुवायला गेली.

ऊन कलताना ती फणसाशी येऊन उभी राहिली. वर अंगण माणसांनी भरलेलं होतं. शेजारच्या वस्त्यांवरूनही लोक आले होते आणि आणखी येत होते. मध्ये आल्बन मळक्या झग्यात मांडी घालून बसला होता, आणि जो कोणी नवा येईल त्याला लाउमाए म्हणत होता, "बस. हा काय सांगतो ऐक." आणि आल्बन पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. आवाज पार बसला होता. तो सांगत होता, की मी रकान्यात खोटं लिहिलं. मला वाटलं, शून्य लिहिलं तर आपली लाज जाईल. मग माझी आत्या चार हजार माणसांसमोर म्हणाली, मी सदतीस वेळा विचारलं आणि ती माणसं सदतीस वेळा नाही म्हणाली. इथं सगळं अंगण मांड्यांवर थापा मारून हसायचं. एक म्हातारा तर प्रत्येक वेळी विचारत होता, "सगळ्या जगासमोर?" आणि आल्बन म्हणत होता, "सगळ्या जगासमोर." सकाळी हीच गोष्ट तो स्वतःला सांभाळून सांगायला लागला होता; आता सांभाळायला काही उरलं नव्हतं, आणि तो छान सांगत होता.

बोरिलानं खालूनच ओरडून सांगितलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. म्हातारा खाली बसला. चेहरा त्यानं दुसरीकडे वळवला, तरी खांदे सैल पडलेले एनिडला दिसले.

"एनिड," तो म्हणाला, "खालच्या वाटेवर ओढ्याजवळ एक झाड आडवं पडलंय. बायकांना सांगून बाजूला करून घे. येता-जाता ठेचकाळशील कधीतरी."

एनिडच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण वरून तिच्याकडे बघायची रीतच नव्हती.

"घेते," ती म्हणाली.

"आणि हा तुझा माणूस इथंच ठेवून जा. उद्या त्याला वर नेतो. वरच्या तीन गावांनी ही गोष्ट अजून ऐकलेली नाही."

वरची तीन गावं. शंभर वर्षांत चर्चच्या एकाही माणसाला तिथल्या वाटेवर पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. दोन बिशप येऊन गेले होते, एक जण औषधांची पेटी घेऊन आला होता, एक फोटोग्राफर घेऊन. सगळे याच अंगणातून मागे फिरले होते.

आल्बन अंगणाच्या कडेला आला. चष्मा घामानं धूसर झालेला. "आत्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी तिथं काय सांगू?"

"इथं सांगितलंस तेच. एक अक्षर वाढवू नको," एनिड म्हणाली. मग पिशवी खांद्याला लावताना तिनं जरा विचार केला. "आकडा मात्र अडतीस सांग. आत्ताच विचारून आले."